पेरी मेसन अजून का बघावासा वाटतो?

कायद्याच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "सुट्टीत आजीबरोबर 'पेरी मेसन'चे जुने कृष्णधवल भाग बघायला लागले आणि आता दिवसाला तीन भाग झाल्याशिवाय राहवत नाही. कोर्टात असं काही घडत नाही हे इंटर्नशिपमध्ये कळलंच आहे. मग साठ वर्षांपूर्वीच्या या मालिका इतक्या धरून का ठेवतात? आणि वकील व्हायचं असेल तर त्यांतून काही घेण्यासारखं आहे का?"

मी बत्तीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवतो, बहुतेक आरोपीच्या बाजूने. मेसन, म्हणजे गोष्टींतला अमेरिकन बचावाचा वकील, मला आधी पुस्तकांत भेटला, पुण्यात कॉलेजला असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात. मालिका फार उशिरा पाहिली, पुतण्याने अमेरिकेतून डीव्हीडीचे संच आणले तेव्हा. १९५७ ते १९६६ या नऊ वर्षांतले २७१ भाग मी पाहिले आहेत, काही तीन-तीनदा. खुनी कोण हे पाठ असूनही ते भाग तितक्याच ओढीने बघतो, म्हणून 'खुनी कोण याची उत्सुकता' हे नेहमी दिलं जाणारं कारण मला पुरत नाही.

मला वाटतं ते असं. भागाच्या सुरुवातीला एका माणसाचं नाव चारचौघांत घेतलं जातं, 'यानेच केलं' म्हणून. आणि तासाभरात, त्याच कोर्टात, त्याच लोकांसमोर, ते नाव त्याला स्वच्छ धुऊन परत मिळतं. खऱ्या कोर्टात आरोपी सुटतो, पण नाव असं परत मिळणं फार दुर्मिळ आहे. ज्याची भूक सगळ्यांना आहे आणि जे जवळपास कुणालाच मिळत नाही, ते बघायला माणूस पुन्हा पुन्हा येऊन बसतो.

हे मला एका पक्षकाराने शिकवलं. बांधावरून झालेल्या मारामारीत एकाचा जीव गेला होता आणि फिर्यादीत सहा नावं घातली होती. माझा माणूस त्या सकाळी कांदा घेऊन बाजारात गेला होता. आडत्याची पट्टी होती, पण ती सिद्ध करायला लागणारा आडत्या मधल्या काळात वारला. चार वर्षं खटला चालला. साक्षीदारांच्या जबाबांत इतक्या तफावती निघाल्या की सगळेच सुटले. निकालाच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं: आरोपींना संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. बार रूममध्ये पेढे वाटले गेले. पंधरा दिवसांनी तो निकालाची नक्कल घेऊन आला. घडी घालून घालून कागद मऊ पडला होता. म्हणाला, "साहेब, ह्यात मी केलं न्हाई असं कुठं लिवलंय?" मुलीच्या स्थळाकडच्यांनी तो कागद वाचून परत केला होता. 'सुटला खरा, पण संशय होताच की,' असं त्यांचं म्हणणं.

मी त्याला कायदा समजावून सांगितला. सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर असते, त्यांना ती पार पाडता आली नाही, म्हणून तू निर्दोष आहेस. तो ऐकून घेत होता आणि त्याला ते पटत नव्हतं. त्याच्या जागी मलाही पटलं नसतं. सरकारी नोकरीच्या, विशेषतः पोलीस भरतीच्या प्रकरणांत हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. 'सन्मानपूर्वक निर्दोष' हा शब्दप्रयोग २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कुठेही नव्हता, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या समुथिरम प्रकरणात तसं स्पष्ट म्हटलं आहे. तरी संशयाच्या फायद्यावर सुटलेल्याला खात्यात परत घ्यायचं की नाही, याचा वेगळा विचार होतच राहतो. म्हणजे कायद्याच्या लेखी निर्दोष आणि लोकांच्या लेखी निर्दोष यांच्यामध्ये एक दरी आहे. मेसनच्या मालिकेत ती दरीच नाही. तिथे मागच्या बाकावरचा माणूस उठून 'मी केलं' म्हणतो, आणि आरोपीबद्दल कुणाच्या मनात तिळाएवढाही संशय उरत नाही. मी बत्तीस वर्षांत असा कबुलीजबाब एकदाही पाहिलेला नाही. पण ती कांदेवाल्याची नक्कल हातात घेतल्यापासून त्या दृश्याला मी पोरकट म्हणू शकत नाही.

ही मालिका रचणाऱ्यांना कोर्ट ठाऊक होतं, हे तुम्ही बारकाईने बघा. मूळ लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील. १९११ साली कॅलिफोर्नियात सनद घेतलेली, आणि तीही कार्यालयांत काम करता करता स्वतः अभ्यास करून. ऑक्सनार्ड आणि व्हेंचुरा भागात त्याने वकिली केली, तेव्हा त्याच्या पक्षकारांत चिनी आणि मेक्सिकन स्थलांतरित पुष्कळ होते, ज्यांच्या बाजूने उभं राहायला दुसरे वकील फारसे तयार नसत. मेसनची पहिली कादंबरी १९३३ ची. पुढे प्रसिद्धी आणि पैसा मिळाल्यावर, १९४८ साली, त्याने 'आर्गोसी' मासिकातून 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' सुरू केलं. चुकीने शिक्षा झालेल्या, सगळे मार्ग संपलेल्या कैद्यांची प्रकरणं जाणकारांकडून पुन्हा तपासून घ्यायची, असा तो उपक्रम. म्हणजे नाव परत मिळवून देणं हा त्याच्यासाठी गोष्टीपुरता मामला नव्हता. मालिकेच्या पटकथांवर त्याची नजर असे, आणि १९६६ साली अखेरच्या भागात न्यायाधीशाच्या खुर्चीत जो म्हातारा गृहस्थ बसलेला दिसतो, तो खुद्द गार्डनर आहे.

एक रचनेची गोष्ट तुम्हाला अभ्यासात उपयोगी पडेल. तुमच्या लक्षात आलं असेल की मेसनच्या बहुतेक भागांत ज्युरी, म्हणजे निकाल देणारे बारा सामान्य नागरिक, दिसत नाही. ते चाललेलं असतं ते मुख्य खटल्याचं कामच नव्हे. कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्यात आधी न्यायाधीशापुढे प्राथमिक सुनावणी होते. आरोपीला खटल्याला उभं करण्याइतका पुरावा आहे का, एवढंच तिथे पाहायचं असतं. मालिकेने हा टप्पा हेरला. बारा माणसांना बसवायचं नाही, त्यांच्यासमोर लांब भाषणं नाहीत, निकालाची वाट बघणं नाही. खरा गुन्हेगार बोलला की सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर उठून खटला मागे घेतो आणि संपलं. प्रत्यक्षात बचावाचा वकील त्या टप्प्यावर आपले पत्ते बहुधा उघडत नाही. मेसन मात्र सगळे तिथेच उघडतो. आपल्याकडे १८९८ च्या संहितेत दंडाधिकाऱ्यापुढे अशीच चौकशी होऊन प्रकरण सेशन्सला जात असे. १९७३ च्या संहितेने ती चौकशी काढून टाकली आणि आता कमिटल म्हणजे कागद पुढे पाठवणं. माझ्या सीनियरनी जुनी पद्धत पाहिली होती. ते सांगत, की त्या चौकशीत साक्षीदार एकदा बोलून गेला की सेशन्सला त्याला धरायला दोन जबाब हाताशी असत, एक पोलिसांपुढचा आणि एक कोर्टापुढचा. मेसन बघताना त्यांची आठवण हमखास येते.

मेसनची भूमिका करणाऱ्या रेमंड बरबद्दल थोडं. त्याला आधी बर्गरच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या भूमिकेसाठी बोलावलं होतं. तोपर्यंत त्याने खलनायक पुष्कळ रंगवले होते. मेसन म्हणून तो काय करतो ते बघा: हात हलवत नाही, फिरत नाही, आवाज चढवत नाही. प्रश्न विचारतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत साक्षीदाराकडे बघत राहतो. हे 'बघत राहणं' मला कोर्टात शिकायला दहा वर्षं लागली. नवीन वकील उत्तर येत असताना पुढचा प्रश्न कागदावर शोधत असतो, आणि साक्षीदार नेमका त्याच क्षणी अडखळून सावरलेला असतो.

आता बर्गरची भूमिका करणाऱ्या विल्यम टॉलमनची गोष्ट, कारण मी जे म्हणतो आहे ते तिच्यात पडद्याबाहेर घडलेलं दिसतं. मार्च १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका घरच्या पार्टीवर पोलिसांनी छापा घातला आणि टॉलमनला इतरांबरोबर अटक झाली. काही महिन्यांत कोर्टाने त्याच्यावरचे आरोप फेटाळले. पण वाहिनीने करारातल्या वर्तनाच्या कलमावर बोट ठेवून त्याला मालिकेतून काढलं होतं, आणि आरोप फेटाळल्यानंतरही परत घेतलं नाही. दर आठवड्याला निरपराध माणूस डागाशिवाय सुटताना दाखवणारी ती मालिका, आणि तिच्यातला सरकारी वकील कोर्टाने सोडूनही घरी बसलेला. बरने आणि गार्डनरने त्याची बाजू लावून धरली, प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, आणि त्या वर्षाच्या अखेरीला टॉलमन परत आला. म्हणजे त्याचं नाव त्याला कोर्टाने नाही, माणसांनी परत दिलं. १९६८ साली तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. जाण्याआधी, आजार अंगावर दिसत असताना, कॅमेऱ्यासमोर बसून त्याने लोकांना सिगारेट सोडायची विनंती केली. दर आठवड्याला हरणारा बर्गर म्हणून लोक त्याची कीव करतात. मला तो त्या मालिकेतला सगळ्यांत प्रामाणिक चेहरा वाटतो, कारण चूक दिसली की तो हट्ट सोडतो.

आणि हे बर्गरचंच वागणं एका मुलीला भिडलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीच्या सुनावणीत सिनेटसमोर सांगितलं, की लहानपणी मेसन बघताना त्यांच्या मनात ठसला तो सरकारी वकील. एका भागात हरल्यावर तो म्हणतो, निर्दोष माणूस सुटला तरी माझं काम झालंच. त्याच सुनावणीत सिनेटर अल फ्रँकन यांनी त्यांना विचारलं, मेसन हरला तो खटला कोणता? त्यांना आठवला नाही. तो भाग १९६३ चा, 'द डेडली व्हर्डिक्ट'. तिथे मेसनच्या अशिलाला मृत्युदंड होतो आणि त्याला निकालानंतर धावपळ करावी लागते. जरूर बघा. वकील झाल्यावर सोटोमायोर यांनी सुरुवात केली ती मॅनहॅटनमध्ये सहायक सरकारी वकील म्हणूनच. आपल्याकडे फौजदारीचे हुशार विद्यार्थी बचावाकडेच बघतात. सरकारी वकिलीचं मोठेपण सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता कोर्टात 'असं घडत नाही' याबद्दल. का घडत नाही, हे इंटर्नशिपमध्ये कुणी उलगडून सांगितलं नसेल तर ऐका. पहिलं कारण टंकलेखन. आपल्याकडे तुम्ही साक्षीदाराला प्रश्न विचारता, तो उत्तर देतो, मग न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर मिळून साक्षीदाराच्या तोंडचं एक वाक्य करून सांगतात आणि स्टेनो ते उतरवून घेतो. 'त्या वेळी अंधार होता का?' हा प्रश्न आणि 'नाही' हे उत्तर कागदावर 'त्या वेळी अंधार होता हे म्हणणे खरे नाही' असा उतरतो. या सगळ्यात अर्धा-एक मिनिट जातं आणि तेवढ्यात साक्षीदार पाणी पिऊन सावध होतो. मेसनच्या कोर्टात टंकलेखक दिसतो, पण थांबायला लावत नाही. प्रश्नावर प्रश्न पडत जातात, म्हणून साक्षीदार खचतो. दुसरं कारण म्हणजे मेसनचे सगळे संशयित प्रेक्षकांत बसून एकमेकांच्या साक्षी ऐकत असतात. आपल्याकडे ज्याची साक्ष व्हायची आहे त्याला बाहेर व्हरांड्यात बसवतात, आणि ते बरोबरच आहे. तिसरं कारण सांगायला वाईट वाटतं: सरतपासणी, म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न, आज झाली की उलटतपासणी पुढच्या तारखेला. मधल्या दिवसांत साक्षीदाराला कोण कोण भेटून जातं हे वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या विनोद कुमार प्रकरणात अशा लांबवलेल्या उलटतपासणीवर कडक शब्दांत नापसंती दाखवली, तरी सवय मोडलेली नाही.

मग आपल्याकडे खटला उलटतो कुठे? ओमिशन आणि कॉन्ट्राडिक्शनमध्ये, म्हणजे आधीच्या जबाबात नसलेल्या आणि जबाबाशी न जुळणाऱ्या गोष्टींत. साक्षीदार कोर्टात सांगतो, आरोपीच्या हातात कुऱ्हाड पाहिली. पोलिसांपुढच्या जबाबात कुऱ्हाडीचा शब्द नाही. किंवा तिथे काठी म्हटलेलं आहे. तो भाग त्याला दाखवायचा, त्यावर 'पोर्शन मार्क ए' अशी खूण करून घ्यायची, आणि मग तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की तो भाग त्याच्याकडून सिद्ध करून घ्यायचा. या दोन साक्षींमध्ये कधी कधी दीड वर्ष जातं. यात टाळी नाही, कुणी रडत उठत नाही. पण मेसन जे दहा मिनिटांत करतो त्याचाच हा सांगाडा आहे: आज बोललेलं आणि आधी बोललेलं शेजारी ठेवणं. बघताना तुम्ही तेवढंच वेचा. मेसनची शेवटची धडक नेहमी एखाद्या क्षुल्लक वस्तूवर असते, घड्याळ, किल्ली, टेलिफोनची वेळ, आणि ती वस्तू पहिल्या पंधरा मिनिटांत कुणाच्या तरी तोंडी येऊन गेलेली असते.

मेसनवरच थांबू नका. १९६१ साली त्याच वाहिनीवर 'द डिफेंडर्स' सुरू झाली, बाप आणि मुलगा अशा दोन वकिलांची. ती रेजिनाल्ड रोजने रचली. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चा लेखक हाच, आणि मुळात ते १९५४ साली टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक होतं; तो स्वतः ज्युरीवर बसून आल्यावर सुचलेलं. 'डिफेंडर्स'मध्ये पक्षकार पुष्कळदा दोषी असतो आणि प्रश्न कायद्यालाच विचारलेला असतो. १९६२ मधल्या 'द बेनिफॅक्टर' या भागात गर्भपात करणाऱ्या डॉक्टरवर खटला आहे. अमेरिकेत तेव्हा तो गुन्हा होता. नेहमीच्या तिन्ही प्रायोजकांनी अंग काढून घेतलं आणि दुसरा प्रायोजक पुढे आला म्हणून भाग दिसला. डॉक्टरला सहानुभूती मिळते, सुटका मिळत नाही. मेसन बघून झोप चांगली लागते. 'डिफेंडर्स' बघून मी अंगणात फेऱ्या मारल्या आहेत.

आणि 'रम्पोल ऑफ द बेली'. इंग्लंडमधली, १९७८ ते १९९२. लेखक जॉन मॉर्टिमर, पुन्हा वकीलच, आणि तो मोठ्या नावाचा. लिओ मॅकर्न या नटाने रंगवलेला रम्पोल हा म्हातारा, पोट सुटलेला, कधीच वर न चढलेला बॅरिस्टर. त्याचे पक्षकार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भुरट्या चोऱ्या करणारं टिमसन घराणं. नाव धुऊन निघण्याचा प्रश्नच नाही, कारण त्यांचं नाव सगळ्या पोलीस ठाण्यांत माहीत आहे. तरी त्या एका चोरीपुरता तो लढतो, जणू राजपुत्राची केस आहे. पुन्हा पुन्हा तो 'सोनेरी धाग्या'ची आठवण काढतो. १९३५ च्या वूलमिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकी यांनी म्हटलं होतं, की इंग्लिश फौजदारी कायद्याच्या विणीत एक सोनेरी धागा सतत दिसतो: आरोपीचा दोष सिद्ध करण्याचं काम सरकार पक्षाचं. कॉलेजात तो निकाल तुम्हाला परीक्षेपुरता शिकवतील. रम्पोल तो अंगात भिनवतो.

माझं मत विचाराल तर तिन्हींत श्रेष्ठ रम्पोल. कांदेवाला ज्या धाग्यावर सुटला आणि ज्यामुळे त्याचं समाधान झालं नाही, तो धागा किती मोलाचा आहे हे तिथे कळतं. संशयाचा फायदा ही दया नव्हे, कोर्टाने हात झटकणंही नव्हे. ज्याच्याकडे पुरावा नाही, साक्षीदार नाही, आडत्या मेलेला आहे, अशा माणसाला वाचवणारी तीच एक गोष्ट आहे. हे मला त्या दिवशी त्याला नीट सांगता आलं नाही. आज तो आला तर मी कायदा बाजूला ठेवेन आणि त्याच्याबरोबर त्या स्थळाकडच्यांच्या घरी जाऊन बसेन.

आता उपयोगाचं. मेसनचा भाग लावलात की रिमोट हातात ठेवा. तो उलटतपासणीला उठला की थांबवा आणि तुम्ही काय विचाराल ते वहीत लिहा. जास्तीत जास्त पाच प्रश्न. मग पुढे चालू करून त्याने काय विचारलं ते शेजारी लिहा. विशेषतः त्याने काय विचारलं नाही त्याखाली रेघ मारा. आधी तुमचे प्रश्न लांब असतील, एकात दोन-दोन गुंतलेले. वीस-पंचवीस भागांनंतर ते आखूड व्हायला लागतात. आजीलाही एक वही द्या. आयुष्यभर घरातल्यांच्या थापा पकडलेल्या माणसाचे प्रश्न तुमच्यापेक्षा नेमके निघतील, आणि ते तुम्हाला कोर्टात लागणारच आहेत.